मातीची गाडी आणि विजेची मोटार

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाला ज्या वस्तूवरून नांव मिळालें, ती वस्तु म्हणजे एका लहान मुलाचें खेळणें होय. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून येतो आणि दासीनें करून दिलेली मातीची गाडी नको म्हणून रडूं लागतो. वसंतसेनेचें मन द्रवतें. ती अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडींत भरते आणि याची सोन्याची गाडी करून घे, असें त्याला सांगते. पुढें याच दागिन्यांच्या पायीं चारुदत्ताला वधस्थानापर्यंत जावें लागतें. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळें ही कथा मराठी घरांत सुपरिचित आहे. प्रेक्षकांचें लक्ष साहजिकच दागिन्यांकडे जातें. परंतु खेळण्यांचा इतिहास पाहूं जाणाऱ्याला येथें एक निराळाच प्रश्न सुचतो. सोन्याची गाडी खरोखरच हातीं आली असती, तर रोहसेन तिच्याशीं खेळला असता, कीं ती आईच्या पेटींत जाऊन बसली असती? लहानपणच्या मोटारींच्या व आगगाड्यांच्या आठवणीनें हळवे होणाऱ्या आजच्या प्रौढांनाही हाच प्रश्न विचारतां येईल.

मुलाच्या हातीं वाहनाची प्रतिकृति देण्याची चाल फार पुरातन आहे. मोहेंजोदडो व हडप्पा येथील उत्खननांत भाजलेल्या मातीच्या चिमुकल्या बैलगाड्या आणि त्यांचीं भरीव चाकें पुष्कळ सांपडलीं आहेत. सिंधमध्यें अलीकडच्या काळांत चालणाऱ्या बैलगाड्यांशीं त्यांच्या घडणीचें साम्य पाहून संशोधकही थक्क झाले. महाराष्ट्रांत अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत दायमाबाद येथें १९७४ सालीं कांशाचा एक बैलांचा रथ व चाकांवर उभे केलेले हत्ती, गेंडा आणि रेडा असे प्राणी मिळाले. एकूण साठ किलोंहून अधिक वजनाचीं हीं शिल्पें लेंकरांच्या हातचीं खेळणीं खासच नव्हत. तथापि गाडी लहान करून पाहण्याची हौस किती जुनी आहे, हें त्यांवरून कळून येतें.

आपल्याकडील परंपरागत गाड्यांचा थाट साधा असे. पहिलीं पावलें टाकणाऱ्या मुलाला आधार देणारा लाकडी पांगुळगाडा हेंच पुष्कळ मराठी मुलांचें पहिलें वाहन. नागपूरकडे भोसल्यांच्या काळापासून चालत आलेल्या तान्ह्या पोळ्याला मुलें चाकांवर बसविलेले लाकडी बैल दोरीनें ओढीत मिरवितात. या सर्व गाड्यांचा एक गुण सारखाच आहे. त्यांना चालविणारी शक्ति मुलाच्या अंगांतून येते. मूल थांबलें कीं गाडी थांबते, आणि मूल पळूं लागलें कीं ती खडखडत मागून येते.

युरोपांत एकोणिसाव्या शतकांत पत्र्याचीं खेळणीं कारखान्यांतून निघूं लागलीं, तेव्हां हा संबंध पालटला. जर्मनींतील न्यूरेंबर्ग हें या धंद्याचें मोठें केंद्र होतें. तेथील गाड्यांच्या पोटांत घड्याळासारखी कमान असे. किल्ली दिली कीं गाडी आपोआप धांवे. १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत मार्क्लिन या पेढीनें ठराविक मापाच्या रुळांवर चालणारी आगगाडी मांडली. रुळांचें माप निश्चित झाल्यामुळें दर वाढदिवसाला एखादा डबा किंवा चार रूळ विकत घेऊन आपला लोहमार्ग वाढविण्याची सोय झाली. धंद्याच्या दृष्टीनें ही युक्ति बिनतोड होती. परंतु गाडी स्वतः धांवूं लागतांच मुलाला एक नवें काम लागलें, तें म्हणजे नुसतें पाहत बसण्याचें!

या अडचणीवर पहिला मोठा उपाय शोधला तो इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी नांवाच्या एका कारकुनानें. मांस आयात करणाऱ्या एका पेढींत तो नोकरीस होता. आपल्या मुलांसाठीं तो घरीं खेळणीं बनवी. एखादी यारी करावयाची म्हणजे तिचे भाग नव्यानें कापावे लागत, आणि ते दुसऱ्या कशालाही उपयोगी पडत नसत. सारख्या अंतरावर भोंकें पाडलेल्या धातूच्या पट्ट्या केल्या, तर त्याच पट्ट्यांची आज यारी, उद्यां पूल आणि परवां गाडी करतां येईल, ही कल्पना त्याला सुचली. १९०१ सालीं त्यानें तिचा एकस्वाधिकार घेतला, आणि १९०७ पासून हें खेळणें मेकॅनो या नांवानें जगभर गेलें. पुढें १९२० सालीं त्यानें किल्लीच्या आगगाड्या काढल्या, त्याही आरंभीं मेकॅनोप्रमाणेंच स्क्रू सोडवून पुन्हां जोडतां येत असत. गाडी आपोआप धांवली तरी ती जोडण्यांत मुलाचा हात राहावा, असा त्यामागील हेतु स्पष्ट दिसतो.

या आगगाड्यांच्या स्टेशनाबाहेर शोभेला म्हणून १९३३ च्या अखेरीस त्याच कारखान्यानें लहान ओतीव मोटारी काढल्या. दुसऱ्याच वर्षीं त्यांना डिंकी टॉईज हें नांव मिळालें आणि शोभेच्या या वस्तु मुख्य खेळण्यालाच मागें टाकूं लागल्या. त्यांच्यांत ना कमान होती, ना वीज. बोटानें ढकलावें आणि तोंडानें आवाज काढावा, एवढीच त्यांची यंत्रविद्या! पुढें त्यांचे कांहीं जुने साचे हिंदुस्थानांत आले, आणि कलकत्त्यास निकी टॉईज या नांवानें त्याच मोटारी निघाल्या.

दुसऱ्या महायुद्धांत खेळण्यांचे कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. युद्ध संपल्यावर १९४७ सालीं लेस्ली स्मिथ व रॉडनी स्मिथ या नौदलांतून परतलेल्या दोघां शाळूसोबत्यांनीं लंडनमध्यें लेस्नी नांवाचा ओतकामाचा लहानसा धंदा सुरू केला. आडनांव एक असलें तरी त्यांचें नातें कांहीं नव्हतें. त्यांना जॅक ओडेल नांवाचा कुशल कारागीर येऊन मिळाला. ओडेलच्या मुलीच्या शाळेंत आगपेटींत मावेल एवढेंच खेळणें आणण्याची मुभा होती, म्हणून बापानें तिला त्या मापाचा रस्ता दाबण्याचा पितळी रोलर करून दिला, अशी कथा सांगतात. त्यांतूनच १९५३ सालीं मॅचबॉक्स मोटारी जन्मास आल्या. त्याच वर्षीं राणी एलिझाबेथ हिच्या राज्याभिषेकाच्या निमित्तानें त्यांनीं काढलेला चिमुकला राजरथ दहा लाखांहून अधिक खपला. ज्या घरांत विजेची आगगाडी येणें शक्य नव्हतें, त्या घरांतल्या मुलाच्या खिशांतही आतां मोटार येऊन बसली.

एवढें झालें तरी एक उणीव राहिलीच होती. हातानें ढकललेल्या मोटारीला खरा वेग नव्हता, आणि किल्लीच्या मोटारीवर मुलाचा ताबा नव्हता. फ्रेड फ्रान्सिस या इंग्रज कारखानदाराचा अनुभव या बाबतींत बोलका आहे. १९५२ सालीं त्यानें स्कॅलेक्स नांवाच्या पत्र्याच्या शर्यतीच्या मोटारी बाजारांत आणल्या. जमिनीवर दाबून मागें ओढल्या कीं पोटांतील चाकामुळें त्यांची कमान आवळली जाई, आणि सोडतांच त्या सुसाट सुटत. आरंभीं त्यांचा खप चांगला झाला, पण थोड्याच वर्षांत मुलांची हौस ओसरली. सोडलेली मोटार भिंतीला जाऊन थडकणार, हें एकदां कळल्यावर तींत पाहण्यासारखें उरतें तरी काय?

फ्रान्सिसनें या मोटारींत विजेचें लहान यंत्र बसविलें आणि १९५७ सालीं हॅरोगेट येथील खेळण्यांच्या प्रदर्शनांत त्या नव्या रूपानें मांडल्या. हीच स्कॅलेक्स्ट्रिक होय. विजेवर धांवणाऱ्या शर्यतीच्या मोटारी अमेरिकेंत लायोनेल कंपनीनें १९१२ सालींच विकावयास काढल्या होत्या, परंतु १९१५ नंतर त्या बंद पडल्या. फ्रान्सिसची रचना अशी होती: रबरी रस्त्यांत प्रत्येक मोटारीसाठीं एक खांच, खांचेच्या दोहों कडांना धातूच्या पट्ट्या, आणि मोटारीच्या पोटाखालीं त्या खांचेंत उतरून दिशा धरणारा व पट्ट्यांतून वीज घेणारा भाग. प्रत्येक खेळाडूला आपापल्या मोटारीची वीज हातांतील कळीनें देतां येई. पहिल्या कळा केवळ वीज जोडीत व तोडीत. वेग हळूहळू वाढविणाऱ्या कळा मागाहून आल्या.

या खेळाची सारी गोडी वळणावर होती. सरळ रस्त्यावर कळ कोणीही दाबील. परंतु वळणाशीं वेग आंवरला नाहीं तर मोटार खांचेंतून उसळून गालिच्यावर जाऊन उलटीपालटी पडे. मग उठून, गुडघे टेकून, ती पुन्हां खांचेंत बसवावी लागे, आणि तेवढ्यांत भावाची मोटार एक फेरी पुढें जाई. कळ सर्वांत जोरानें दाबणाऱ्याला शर्यत जिंकतां येत नसे. ती नेमकी केव्हां सोडावी हें ज्याला कळलें तोच जिंके. वेगाचा मोह आणि संयम यांचा हा झगडा आठ-दहा वर्षांच्या मुलाला अंगठ्याच्या टोकाशीं अनुभवावयास मिळाला. शिवाय या खेळाला दुसरा गडी लागे. पुष्कळ घरांत तो गडी म्हणजे कामावरून परतलेला बाप असे. आज साठी-सत्तरी गांठलेले लोक या मोटारींविषयीं बोलूं लागले म्हणजे त्यांच्या बोलण्यांत यंत्राची माहिती थोडी आणि वडिलांची, भावाची व त्या खोलीची माहितीच फार येते, यांत नवल नाहीं.

अमेरिकेंत १९६० नंतरच्या दशकांत या खेळाचें वेड पसरलें. गांवोगांव भाड्यानें खेळण्याच्या मोठमोठ्या धांवपट्ट्या निघाल्या, आणि दशक संपतां संपतां त्यांतील बहुतेक बंदही पडल्या. इंग्लंडमधील कारखान्यांचीही ओहोटी लागली. स्कॅलेक्स्ट्रिक ज्यांनीं १९५८ सालीं विकत घेतली होती, ती लाइन्स ब्रदर्स ही प्रचंड कंपनी १९७१ सालीं बुडाली. हॉर्नबीनें उभारलेला लिव्हरपूलचा कारखाना १९७९ सालीं बंद झाला. १९६८ सालीं अमेरिकेंत निघालेल्या, अधिक वेगानें घरंगळणाऱ्या हॉट व्हील्स मोटारींनीं मॅचबॉक्सला जबर धक्का दिला, आणि १९८२ सालीं लेस्नीचेंही दिवाळें वाजलें. हीं नांवें मात्र या मालकाकडून त्या मालकाकडे फिरत टिकून राहिलीं.

कारखाने गेले, पण त्यांनीं केलेल्या गाड्यांना आतां संग्राहकांच्या बाजारांत मोठें मोल आलें आहे. या बाजाराचा नियम विचार करावयास लावणारा आहे. रंग उडालेल्या, चाक हरवलेल्या मोटारीला किंमत थोडी. मूळच्या पुठ्ठ्याच्या पेटींत जशीच्या तशी राहिलेल्या मोटारीला कितीतरी पटींनीं अधिक. म्हणजे जी मोटार मुलाच्या हातीं कधीं लागलीच नाहीं, ती सर्वांत मोलाची! वसंतसेनेच्या दागिन्यांतून घडली असती ती गाडी हीच. तरी जपणूक सर्वस्वीं कामास येतेच असें नाहीं. युद्धापूर्वीच्या पुष्कळ डिंकी मोटारींच्या जस्ताच्या मिश्रणांत शिशाचा अंश राहून गेला होता. त्या दोषामुळें धातूला आंतूनच तडे जातात, आणि कांचेच्या कपाटांत ठेवलेली मोटार कोणीही हात न लावतां भुगा होऊन जाते.

परंतु जुन्या खेळाडूंचा दुसराही एक वर्ग आहे. विजेच्या मोटारी वळणावर उसळून पडूं नयेत म्हणून कारखानदारांनीं पुढें त्यांच्या पोटाशीं लोहचुंबक बसविलें. लहान मुलांची त्यामुळें सोय झाली आणि मोटारी अधिक वेगानें वळणें घेऊं लागल्या. तथापि हौसेनें मंडळें काढून आजही शर्यती खेळणारे पुष्कळ जण हें चुंबक मुद्दाम काढून टाकतात. मोटार पडण्याचें भय उरलें नाहीं तर कळ सोडण्याचें कौशल्यही उरत नाहीं, असें त्यांना वाटतें. पेटी न उघडणाऱ्या संग्राहकापेक्षां बालपणाची खरी ओळख यांनाच अधिक पटलेली दिसते. त्यांना हवी आहे ती आपल्या हातावर अवलंबून असलेली गति. मग तींत पडणें, उठणें, हरणें हें सारें आलेंच.

हडप्पाच्या गाड्या आज पदार्थसंग्रहालयांत आहेत. पुष्कळदां चाक एकीकडे आणि सांगाडा दुसरीकडे असाच त्यांचा अवशेष हातीं लागतो, कारण त्यांना जोडणारा लाकडी आंस केव्हांच कुजून गेला. त्या ओढणाऱ्या मुलांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. घरांतल्या माळ्यावर चाक निखळलेली एखादी मोटार सांपडली, तर ती दुरुस्त करून कपाटांत ठेवण्याची घाई करूं नये. ती आधीं घरांतल्या मुलाच्या हातीं द्यावी, आणि जमल्यास आपणही त्याच्याशेजारीं जमिनीवर बसावें.