भ्रूणाची निवड : आधी कायदा, मग तंत्र

मुंबईत, केईएम रुग्णालयात, ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून टेस्ट-ट्यूब बाळ जन्मले. तेव्हा भ्रूण निवडायचा तो सूक्ष्मदर्शकाखाली, पेशींची संख्या आणि ठेवण पाहून. भ्रूणाचे लिंग तपासून राहिलेल्या गर्भधारणा लंडनहून जाहीर झाल्या १९९० मध्ये, त्याही आनुवंशिक आजार टाळण्यासाठी. महाराष्ट्राने मात्र गर्भलिंगचाचणीला १९८८ सालीच कायद्याने आवर घातला. २००३ मध्ये केंद्रीय कायद्याने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही रोखली. खर्च आणि यातना जोडपे सोसते, मग निवडही त्याचीच, हा आक्षेप हलका नाही. पण मुलग्याचा हट्ट अनेकदा घराचा असतो आणि सुया टोचून घेते बाई. त्याला तिची निवड कसे म्हणावे? २०२१ च्या कायद्याने भ्रूणाची जनुकीय तपासणी ज्ञात आनुवंशिक आजारांपुरती ठेवली, ते योग्यच झाले.