बोले ठरावापासून तिकीट यंत्रापर्यंत

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने बोले ठराव मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या झाल्या, कागदावर. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण प्रत्यक्ष ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावे लागले आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. म्हणून अंध प्रवाशाच्या तिकिटाचा प्रश्न इतरांच्या आधी आपल्याला कळायला हवा.

अस्पृश्यता आणि अंधत्व एकच आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण अंध माणसाची वाट अडवणारी व्यवस्थाही माणसानेच बांधली आहे.

पूर्वी खिडकीवर बाबू होता, एसटीत कंडक्टर होता. "दादा, एक पंढरपूर द्या" म्हटले की तिकीट हातात. सुट्या पैशांत फसवणूक व्हायची हे खरे, पण बोलून काम व्हायचे. मग टचस्क्रीनची यंत्रे आली. २०१४ मध्ये मुंबईत लोकलचे तिकीट मोबाइलवर आले. डोळसांची रांग वाचली. सपाट काच अंध माणसाच्या बोटाला मात्र काहीच सांगत नाही.

तंत्रज्ञान नव्हते, ही सबब खोटी आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकल करन या अंध तरुणाने पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर सुरू केला. २०१२ मध्ये अहमदाबादेत देशातले पहिले बोलणारे एटीएम बसले; हेडफोन लावायचा, आवाज सांगेल तसे बटण दाबायचे. बँकेचे यंत्र बोलते, मग तिकिटाचे का नाही? ॲप बनवणाऱ्याने बटणाला नावच दिले नसेल, तर स्क्रीन रीडर नुसता "बटण, बटण" म्हणत राहतो. वर चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखायला सांगतात. शेवटी फोन शेजाऱ्याच्या हाती द्यायचा, पिनही सांगायचा. म्हणजे पुन्हा वरून ओतलेले पाणी!

१९९५ च्या कायद्याने वाहतुकीतल्या सोयी "आर्थिक कुवतीच्या मर्यादेत" मागितल्या. २०१६ च्या कायद्याच्या कलम ४१ मध्ये तर तिकीट खिडकी आणि तिकीट यंत्र यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. अपंगांचे नाव "दिव्यांग" झाले, यंत्र गप्पच राहिले. रेल्वेच्या भाड्यात अंधांना सवलत आहे, पण ते तिकीट स्वतः काढता येत नसेल तर ती सवलत नव्हे, दया आहे. राजीव रतुरी या अंध नागरिकाची याचिका २००५ ची. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवणारा नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितले. बोले ठरावापासून निकालापर्यंत १४ वर्षे गेली होती, इथे १९.

साथींनो, आपल्या स्थानकावरचे यंत्र अंध मित्राला सोबत घेऊन तपासा. ते बोलत नसेल, तर कलम ४१ चा उल्लेख करून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. बोलत असेल, तर मराठीत बोलते का तेही पाहा.