गाडीचं वय विचारतात, चालवणाऱ्याचं नाही

इंग्लंडात सतरा-अठरा वर्षांच्या पोराने लायसन्स काढून एखादी जुनी, लहान गाडी घेतली, तर वर्षाला दीड-दोन हजार पौंडांचा विमाहप्ता हे तिथे नवल राहिलेलं नाही. पुष्कळदा गाडीची किंमतच त्याहून कमी भरते. छत्रपती संभाजीनगरात अठरा पूर्ण केलेल्या मुलाने आरटीओतून पक्कं लायसन्स घेतलं आणि एक हजार ते दीड हजार सीसीची मोटार स्वतःच्या नावावर केली, तर थर्ड पार्टी विम्याचा दर जून 2022 च्या दरपत्रकानुसार वर्षाला 3,416 रुपये. मोटार नवी असेल तर तीन वर्षांचे 10,640 रुपये एकदमच भरायचे. चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या त्याच्या आजोबांनी तीच मोटार घेतली तरी आकडा तोच. तरुण चालकाची जोखीम जास्त असते हे आपल्या विमा कंपन्यांना ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. ती जोखीम हप्त्यात न धरण्याची व्यवस्था इथे टप्प्याटप्प्याने घडत गेली. तरुणपणाची किंमत त्यामुळे नाहीशी झाली नाही. ती दुसऱ्यांच्या नावावर चढली, आणि कुणाच्या, हे या इतिहासात शोधावं लागतं.

ब्रिटनने 1930 च्या कायद्याने मोटारींचा तिऱ्हाईत, म्हणजे थर्ड पार्टी, विमा सक्तीचा केला. त्याच धर्तीवर इथे काय करावं याचा विचार 1936-37 मध्ये नेमलेल्या समितीने केला आणि 1939 च्या मोटार वाहन कायद्यात विम्याचं आठवं प्रकरण आलं. ते अमलात यायला मात्र 1 जुलै 1946 उजाडला. आजच्या संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, हा कायदा लागूच नव्हता, कारण शहर निजामाच्या राज्यात होतं. तिथली मोटार वाहतूक म्हणजे मुख्यतः सरकारी बस: निजाम स्टेट रेल्वेने 1932 मध्ये 27 गाड्यांनिशी आपला रस्ते वाहतूक विभाग सुरू केला होता. खासगी मोटार जहागीरदार, बडे अधिकारी आणि मोजके व्यापारी यांच्याकडे, आणि चाकावर बहुधा पगारी ड्रायव्हर. ब्रिटिश मुलखातही चित्र फार निराळं नव्हतं. मालक एक, चालवणारा दुसरा, आणि चालवणाऱ्याकडे भरपाई द्यायला दमडी नाही, अशा समाजात रस्त्यावर चिरडल्या गेलेल्याला पैसे मिळवून द्यायचे तर विमा मालकाच्या गळ्यात बांधणं भागच होतं. सरकारी वाहनांना आणि स्वतःचा निधी राखणाऱ्या सरकारी परिवहन संस्थांना विम्यातून सूट देण्याची तरतूद पाहिली की कायद्याची नजर कुठे होती हे आणखी स्पष्ट होतं. पैसे चुकते करण्याची ऐपत कुणाची, एवढाच प्रश्न त्याला होता. चालवणारा विशीतला की साठीतला, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

पण सगळं श्रेय किंवा दोष एकट्या कायद्याला देता येत नाही. ब्रिटिश कायद्याचा हेतूही जखमींना भरपाई मिळावी हाच होता, आणि तरी तिथे तरुणांचे हप्ते गगनाला भिडले. फरक पडला तो दर कुणी ठरवायचे यामुळे. तिथे कंपन्या आपापसांत स्पर्धा करत चालकाची पारख करू लागल्या. आपल्याकडे दर एकत्र बसून ठरवण्याची रीत होती, आणि विमा कायद्याच्या 1968 च्या दुरुस्तीने टॅरिफ अ‍ॅडव्हायझरी कमिटीला वैधानिक रूप मिळालं. 1 जानेवारी 1973 पासून सर्वसाधारण विमा सरकारी झाला. 107 कंपन्या चार कंपन्यांत विलीन झाल्या आणि चौघींच्या हातात दरांचं एकच पुस्तक आलं. स्पर्धाच नाही म्हटल्यावर चांगला चालक हेरून त्याला स्वस्तात विमा द्यायचा आणि धोक्याचा चालक दुसऱ्या कंपनीच्या गळ्यात मारायचा, हा उद्योग करण्याचं कारणच उरलं नाही.

हे पुस्तक किती बारकाईचं होतं ते 2002 च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये दिसतं. विमा कचेरीबाहेर ते फारसं कुणी वाचलं नसेल. माझ्या मते मात्र शहरांच्या इतिहासासाठी ते उत्तम साधन आहे. त्याने देशाचे मोटारींसाठी दोन झोन केले होते. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, बंगळूर, अहमदाबाद आणि पुणे ही शहरं अ झोनमध्ये, आणि उरलेला सगळा भारत ब झोनमध्ये. औरंगाबाद अर्थातच ब झोनमध्ये. एक हजार ते दीड हजार सीसीच्या, पाच वर्षांच्या आतल्या मोटारीला स्व-नुकसानीचा, म्हणजे गाडीचं स्वतःचं नुकसान भरून देण्याचा, दर पुण्यात 3.283 टक्के, औरंगाबादेत 3.191 टक्के. पाच लाखांच्या गाडीमागे फरक 460 रुपयांचा. गाडी पाच वर्षांची झाली की दर बदले, दहाची झाली की पुन्हा बदले. ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सभासदाला सूट, चोरीविरोधी यंत्र बसवलं तर सूट, अपंगांसाठी खास बनवलेल्या गाडीला अर्ध्या दराची सूट, व्हिंटेज गाडीला सूट. पुणे आणि औरंगाबाद यांच्यातले 460 रुपये ज्यांनी इतक्या काटेकोरपणे मोजले, त्यांनी अठरा वर्षांचा मुलगा आणि पन्नाशीचा गृहस्थ यांच्यात एका पैशाचाही भेद केला नाही. हा विसर नव्हता. वाहनाच्या कागदावर दिसेल तेच मोजायचं, असं या पद्धतीचं धोरणच होतं.

संभाजीनगरात या धोरणाचा परिणाम ठळक दिसतो, कारण हे शहर वाहनांवर वाढलं. नोव्हेंबर 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि शहराच्या पश्चिमेला वसाहतींमागून वसाहती उठल्या. कामाच्या पाळ्या, सिडकोपासून वाळूजपर्यंतची अंतरं आणि अपुरी शहर बससेवा, यांमुळे पहिल्या पगारातून दुचाकी घेणं ही इथल्या तरुणाची रीतच झाली. 2001 मध्ये स्कोडाच्या मोटारी इथेच जुळू लागल्या. ऑक्टोबर 2010 मध्ये शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी गट करून एका दिवसात 150 मर्सिडीज घेतल्या, सुमारे 65 कोटी रुपयांच्या. त्या सौद्याचं कौतुक देशभर झालं. त्याची एक बाजू मात्र कुणाच्या लक्षात आली नाही. दीड हजार सीसीच्या वरची मर्सिडीज आणि गंगापूरकडे धुरळा उडवत जाणारी जुनी खासगी डिझेल सुमो यांचा थर्ड पार्टी हप्ता सारखाच होता. मर्सिडीजच्या चाकावर मालकाचा नुकताच लायसन्स मिळालेला मुलगा असला, तरीही. दुचाकीतही तेच. 150 ते 350 सीसीच्या टप्प्यात 2022 च्या दरपत्रकानुसार 1,366 रुपये आणि 350 च्या पुढे 2,804. म्हणजे शांतपणे डुगडुगणारी बुलेट स्वस्त टप्प्यात आणि तरुणांची आवडती 390 सीसीची वेगवान गाडी महाग टप्प्यात. वय मोजायचं नाही असं ठरवलं तरी सीसीच्या आडून थोडंसं वय मोजलं जातंच, आणि तेही ढोबळपणे. अपघातांत सापडणारी पोरं बहुतेक शंभर-दीडशे सीसीवर असतात, आणि त्यांचा टप्पा 714 रुपयांचा.

नवख्या माणसाला आपल्याकडेही जास्त पैसे पडतातच, असा आक्षेप इथे कुणी घेईल. त्यात तथ्य आहे. नो क्लेम बोनस पहिल्या निर्धोक वर्षानंतर 20 टक्के आणि पाच वर्षांनी 50 टक्के होतो, आणि तो गाडीला नव्हे, विमाधारकाला मिळतो. म्हणून पहिली गाडी घेणारा जुन्या विमाधारकाच्या मानाने स्व-नुकसानीचा जवळपास दुप्पट हप्ता भरतो. 2007 पासून स्व-नुकसानीचे दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांनाही मिळाली आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली ही की साठाव्या वर्षी पहिली गाडी घेणाऱ्यालाही शून्य बोनसच मिळतो. बोनस कोरी पाटी मोजतो, वय नव्हे. दुसरी अधिक महत्त्वाची. हा सारा हिशेब गाडीचं स्वतःचं नुकसान भरून देण्यापुरता आहे. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचा जीव जातो तेव्हा लागतो तो थर्ड पार्टी भाग, आणि तो आजही सरकारच ठरवतं.

मग तरुण चालकाची जास्तीची जोखीम कुणाच्या खिशातून जाते? पहिला वाटा सगळ्या हप्ते भरणाऱ्यांचा. जालना रोडवर तीस वर्षं एकही अपघात न केलेला निवृत्त शिक्षक शेजारच्या पोराचा विमा थोडाथोडा भरत असतो. दुसरा वाटा न्यायालयांतून आला. स्कँडिया विरुद्ध कोकिलाबेन खटल्यात ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून खाली उतरला आणि लायसन्स नसलेल्या क्लीनरने ट्रक पुढे नेला. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये विमा कंपनीची जबाबदारी कायम केली. विमा सक्तीचा आहे तो बळी पडलेल्यांसाठी, तेव्हा मालकाचा हेतुपुरस्सर दोष दाखवल्याशिवाय कंपनीला हात झटकता येणार नाहीत, असं त्या निकालाचं सार. 2004 च्या स्वर्णसिंग निकालाने ही वाट रुंद केली. कंपनीने आधी बळीच्या कुटुंबाला पैसे द्यावेत आणि लायसन्सची अट मोडल्याचं सिद्ध झालं तर ते मालकाकडून वसूल करावेत. अल्पवयीन मुलाच्या अपघातात मालक म्हणजे बहुतेक वेळा बाप. त्याच्यावर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने कलम 199अ आणलं: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. इंग्लंडातला बाप मुलाच्या तारुण्याची किंमत दरवर्षी, आधी भरतो. इथल्या बापाच्या हाती ती अपघातानंतर, वसुलीच्या दाव्यासह, एकरकमी पडते.

आणि तिसरा वाटा त्या मुलाचाच. वडिलांची गाडी मागून नेणारा कायद्याने मालकाच्या जागी उभा राहतो, असं निंगम्मा खटल्यात 2009 मध्ये ठरलं. तो तिऱ्हाईत ठरत नाही. रात्री बीड बायपासवर स्वतःच्याच चुकीने दुभाजकावर आदळला, तर थर्ड पार्टी विमा त्याच्या घरच्यांच्या कामाचा नसतो. हप्ता स्वस्त होता तो या अर्थानेही.

तर मग वयानुसार दर लावावेत का? मला ते पटत नाही, आणि त्यामागे तरुणांची कणव नाही. रस्त्यावर मरणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश 18 ते 45 वयाचे असतात, हा केंद्राच्या रस्ते मंत्रालयाचा आकडा पुरावा म्हणून पुढे केला जातो. पण तो मेलेल्यांचा आकडा आहे, चूक करणाऱ्यांचा नव्हे. शिवाय रस्त्यावर जास्त असतात तेही त्याच वयाचे. व्यवहाराची अडचण तर याहून मोठी. आपल्याकडे गाडी घराची असते, बापाच्या नावावर असते आणि घरातले चौघे ती चालवतात. मुलाला महाग आणि बापाला स्वस्त असा दर लावला की गाडी बापाच्या नावावर राहील आणि चालवेल मुलगाच. इंग्लंडात ही लबाडी विमा कंपन्यांची नेहमीची डोकेदुखी आहे. इथे तर ती लबाडीही ठरणार नाही, कारण कागद आधीच तसा असतो. शिवाय देशातल्या निम्म्याहून अधिक वाहनांना विमाच नसतो, दुचाकींमध्ये विशेष. 714 चे दोन हजार केले तर विशीतला दुचाकीस्वार जपून चालवू लागेल असं नाही, तो विमा सोडून देईल, आणि भोगेल तो त्याच्यापुढे आलेला पादचारी. गटावरून माणसाचा भाव ठरवण्यात न्यायाचाही प्रश्न आहेच. मुलींचे अपघात कमी म्हणून त्यांना स्वस्त विमा देण्याची युरोपातली रीत तिथल्या न्यायालयाने 2011 मध्ये बेकायदा ठरवली आणि डिसेंबर 2012 पासून ती थांबली. वयाची रीत मात्र तशीच राहिली. हा भेद कशाच्या जोरावर टिकवायचा, याचं समाधानकारक उत्तर मला सापडत नाही.

गटाऐवजी माणसाचं वागणं मोजावं, हा त्याहून सरस पर्याय वाटतो. जुलै 2022 मध्ये विमा नियामकाने किती चालवता आणि कसं चालवता यावर सूट देणाऱ्या जोडविम्यांना परवानगी दिली, पण ती स्व-नुकसानीपुरतीच. त्याआधी नियामकाच्या कार्यगटाने वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांवर वेगळा हप्ता बसवण्याची आणि त्याचा पहिला प्रयोग दिल्लीत करण्याची शिफारस केली होती. सिग्नल तोडणं, दारू पिऊन चालवणं, भलताच वेग, प्रत्येकाला गुण आणि गुणांवर पैसे. वागणुकीशी हप्ता जोडण्याचा तो आपल्याकडचा सर्वांत थेट विचार. पण वसुली कुणाकडून, या प्रश्नावर त्या कार्यगटाचंही उत्तर 1939 च्या कायद्याचंच होतं: वाहन कुणीही चालवत असो, हप्ता नोंदणीकृत मालकाने भरायचा. चौकातला कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, चालवणाऱ्याचा चेहरा नाही, आणि चलन मोबाइलवर येतं ते वडिलांच्या.