तिऱ्हाईत कोण? : फुटबॉलच्या कारभारातील भ्रष्टाचार व स्वायत्ततेचा अर्थ

मराठीतील 'तिऱ्हाईत' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत व ते एकमेकांपासून बरेच दूर गेलेले आहेत. घरचा माणूस अलिप्तपणे वागू लागला म्हणजे 'तिऱ्हाइतासारखा वागतो' असे आपण तक्रारीच्या सुरात म्हणतो. तेथे हा शब्द परका, संबंध नसलेला, ह्या अर्थी येतो. परंतु एखाद्या वादातील तथ्य समजून घ्यावयाचे असले म्हणजे 'तिऱ्हाइताच्या नजरेने पाहा' असे आपण सांगतो. येथे त्याच शब्दाचा अर्थ निःपक्षपाती असा होतो. भांडणाऱ्या दोघांहून निराळा तो तिसरा, ही मूळ कल्पना दोन्हीकडे एकच. मात्र एकीकडे ती दूषण ठरली आहे व दुसरीकडे पात्रता.

आपल्या जुन्या न्यायव्यवहारास यांपैकी दुसरा अर्थ चांगलाच परिचित होता. गोतसभेचा निवाडा पक्षपाती होईल अशी शंका असल्यास वादी परस्थळ मागत असे. म्हणजे ज्या ठिकाणच्या पंचांचे वादात हितसंबंध गुंतलेले नाहीत अशा ठिकाणी निवाडा व्हावा, अशी मागणी करी. निवाड्यापूर्वी उभयतांकडून 'राजीनामा' लिहून घेत. होणारा निर्णय मानण्यास आम्ही राजी आहोत, असे ते पत्र असे. तोच शब्द आज पद सोडण्याच्या पत्रास लागू झाला आहे. हा अर्थप्रवास स्वतंत्र लेखाचा विषय असल्याने येथे त्याचा केवळ निर्देश करून पुढे जाणे इष्ट होय.

ही शब्दचर्चा प्रारंभी करण्याचे कारण असे, की १५ ऑगस्ट २०२२ रोजी फिफा ह्या जागतिक फुटबॉल संघटनेने अखिल भारतीय फुटबॉल महासंघास निलंबित केले ते 'तिसऱ्या पक्षाच्या अवाजवी प्रभावा'चे कारण देऊन. हा तिसरा पक्ष म्हणजे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमलेली प्रशासक समिती. फिफाच्या नियमावलीत तिऱ्हाईत ह्या कल्पनेचा पहिलाच अर्थ तेवढा आहे, दुसऱ्यास तेथे जागा नाही. आणि फिफाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर तेथील भ्रष्टाचार उघडकीस आणण्याचे काम बहुतेक वेळा तिऱ्हाइतांनीच केले आहे. हा विरोध समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

फिफाची स्थापना २१ मे १९०४ रोजी पॅरिस येथे झाली. पहिली सत्तर वर्षे ही संस्था तुलनेने लहान व युरोपीय वळणाची होती. १९७४ साली फ्रँकफुर्ट येथे ब्राझीलचे जुआव आव्हेलांज यांनी इंग्लंडचे सर स्टॅन्ली राउस यांचा पराभव केला, आणि आशिया व आफ्रिका येथील नव्या राष्ट्रांची मते निर्णायक ठरली. एका राष्ट्रास एक मत, हे तत्त्व लोकशाहीचे खरे. परंतु मते थोडी, मतदार मोजके आणि हाती येणारा पैसा प्रचंड, अशी स्थिती निर्माण झाली म्हणजे त्या तत्त्वाचा बाजार होण्यास वेळ लागत नाही. दूरचित्रवाणीच्या हक्कांनी तो पैसा आणला. आदिदास ह्या पादत्राणांच्या कारखान्याचे होर्स्ट डासलर यांनी १९८२ साली काढलेल्या आय. एस. एल. ह्या कंपनीकडे स्पर्धांच्या विक्रीचे हक्क होते. (तीच अक्षरे पुढे भारतातील एका व्यावसायिक स्पर्धेच्या नावात आली, त्यात योगायोगापलीकडे काही नाही.)

२००१ साली ही कंपनी दिवाळखोरीत निघाली, आणि दिवाळखोरीच्या हिशेबांतून लाचेच्या रकमा बाहेर आल्या. स्वित्झर्लंडमधील त्सूग येथील सरकारी वकिलांनी तपास केला. जुलै २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कागदपत्रांनुसार आव्हेलांज यांना १९९७ साली १५ लाख स्विस फ्रँक मिळाले होते, व त्यांचे एके काळचे जामात रिकार्डो तेशेरा यांना १९९२ ते १९९७ ह्या काळात किमान १ कोटी २७ लाख. विशेष हे, की हे पैसे घेणे त्या काळी स्विस कायद्याने लाच ठरतच नव्हते. कारण फिफा ही कायद्याच्या दृष्टीने एखाद्या भजनी मंडळासारखी खाजगी संस्था होती, आणि लाच घेण्याचा अपराध सरकारी नोकरच करू शकतो अशी कल्पना होती. खाजगी क्षेत्रातील लाचखोरी तक्रारीवाचूनही दंडनीय करणारी तरतूद तेथे १ जुलै २०१६ पासून अमलात आली. त्यापूर्वीच, म्हणजे २०१० साली, २५ लाख फ्रँक भरून फिफाने ते प्रकरण मिटविले होते.

स्वायत्ततेचा लाभ कोणास होतो, ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

घरातल्या माणसाने कधीच तोंड उघडले नाही, असे मात्र नाही. २०११ साली आशियाई महासंघाचे अध्यक्ष महंमद बिन हम्माम फिफाच्या अध्यक्षपदासाठी सेप ब्लाटर यांच्याविरुद्ध उभे राहिले. पोर्ट ऑफ स्पेन येथील सभेत कॅरिबियन प्रतिनिधींना प्रत्येकी ४०,००० डॉलरची पाकिटे देण्यात आल्याची वार्ता फिफाच्याच कार्यकारिणीचे सदस्य चक ब्लेझर यांनी दिली. परंतु ह्या ब्लेझर यांनीच पुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात स्वतःचे गुन्हे कबूल केले. घरात फूट पडली म्हणजेच घरातला माणूस बोलतो, आणि बोलतो तेवढेच बोलतो, एवढाच निष्कर्ष ह्यावरून निघतो. २०१८ व २०२२ च्या विश्वचषकांचे यजमानपद २ डिसेंबर २०१० रोजी झुरिच येथे रशिया व कतार यांना देण्यात आले. त्याच्या चौकशीसाठी फिफाने मायकेल गार्सिया हा आपलाच अन्वेषक नेमला. परंतु त्याच्या विस्तृत अहवालाचा ४२ पृष्ठांचा सारांश तेवढा नोव्हेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध करण्यात आला. सारांश अपुरा व चुकीचा असल्याचे सांगून गार्सिया यांनी पद सोडले. मूळ अहवाल बाहेर येण्यास जून २०१७ उजाडावे लागले, आणि तेही एका जर्मन वृत्तपत्राच्या हाती तो लागल्यावर.

२७ मे २०१५ रोजी पहाटे झुरिच येथील बाउर ओ लाक ह्या हॉटेलात स्विस पोलिसांनी सात पदाधिकाऱ्यांस अटक केली ती अमेरिकेच्या मागणीवरून. आरोपपत्र ४७ कलमांचे व १४ जणांविरुद्ध होते. चोवीस वर्षांत १५ कोटी डॉलरहून अधिक रकमेची लाच दिली-घेतली गेल्याचे त्यात म्हटले होते. फुटबॉलशी फारसे सोयरसुतक नसलेल्या अमेरिकेने हे करावे ह्याचे अनेकांस नवल वाटले. परंतु पैसा अमेरिकी बँकांतून फिरला होता, एवढा धागा तेथील कायद्यास पुरेसा होता. अटकेनंतर दोनच दिवसांनी ब्लाटर १३३ विरुद्ध ७३ मतांनी पुन्हा निवडून आले. घरच्यांचे मत काय होते, हे ह्या आकड्यांवरून कळते. चार दिवसांनी त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली. न्याय्यतेखातर हेही नोंदविले पाहिजे, की मिशेल प्लाटिनी यांना दिलेल्या २० लाख फ्रँकच्या प्रकरणी ब्लाटर व प्लाटिनी ह्या दोघांनाही स्विस न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये व अपिलात मार्च २०२५ मध्ये निर्दोष ठरविले. बाहेरच्या न्यायालयाने दोष दाखवावा तसाच निर्दोषपणाही दाखवावा. परस्थळाचे प्रयोजन तेच होते.

आता भारताकडे वळू. कलकत्त्याच्या इंडियन फुटबॉल असोसिएशनचे (स्थापना १८९३) वर्चस्व इतर प्रांतांस मान्य नव्हते. त्या ओढाताणीतून १९३७ साली सिमला येथे अखिल भारतीय महासंघ जन्मास आला व १९४८ साली तो फिफाचा सदस्य झाला. राज्यसंघटना हे त्याचे घटक आणि त्याच त्याच्या मतदार. यवतमाळच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलापासून झुरिचपर्यंत पोहोचणारी शिडी क्लब, जिल्हा, राज्य, राष्ट्र व खंड अशा पायऱ्यांची आहे; तीत वर जाणारे माणूस खेळाडू असते ते पहिल्या दोन पायऱ्यांपुरते, पुढे प्रतिनिधी तेवढे चढतात.

प्रियरंजन दासमुन्शी हे १९८८ पासून वीस वर्षे अध्यक्ष होते. २००८ साली ते गंभीर आजारी पडल्यावर विदर्भातील गोंदियाचे नेते व तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रफुल्ल पटेल यांच्याकडे कार्यभार आला. २००९, २०१२ व २०१६ साली त्यांची निवड झाली. २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा संहितेने अध्यक्षास कमाल बारा वर्षांची मर्यादा घातली होती. २०१६ ची निवडणूक संहितेनुसार झाली नाही, ह्या कारणास्तव राहुल मेहरा ह्या वकिलांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास दहा दिवसांत स्थगिती दिली आणि नवी घटना तयार करण्याचे काम माजी मुख्य निवडणूक आयुक्त शहाबुद्दीन कुरेशी व माजी गोलरक्षक भास्कर गांगुली यांच्याकडे सोपविले. एप्रिल २०१९ मध्ये पटेल फिफाच्या परिषदेवर निवडून गेले. डिसेंबर २०२० मध्ये महासंघातील मुदत संपली. पण घटनेचा प्रश्न न्यायालयात पडून असल्याचे सांगून निवडणूक झाली नाही व कार्यकारिणी तशीच पुढे चालली.

येथे दोन गोष्टी विसरू नयेत. एक, महासंघाविरुद्धचा हा वाद लाचेचा नव्हता, मुदतीचा होता. झुरिचच्या प्रकरणाशी त्याची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. दुसरी, मुदतवाढीचे निमित्त न्यायालयाच्याच दिरंगाईने पुरविले. साडेचार वर्षे निकाल न देणारा तिऱ्हाईत हा नकळत एका पक्षाचा होऊन बसतो.

१८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कार्यकारिणी दूर करून न्या. अनिल दवे, कुरेशी व गांगुली यांची समिती नेमली. ३ ऑगस्टच्या आदेशाने मतदारयादीत राज्यांच्या ३६ प्रतिनिधींबरोबर ३६ नामवंत माजी खेळाडूही घेण्यात आले, त्यांत १२ स्त्रिया होत्या. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत अर्थपूर्ण घडामोड हीच होय. फिफाने खेळाडूंच्या ह्या प्रमाणास हरकत घेतली. न्यायालय हे तिऱ्हाईत, हे एक वेळ समजता येते. परंतु ज्यांनी देशासाठी खेळ केला त्यांनी निम्मी मते मागताच तेही परके ठरावेत, ही कल्पना कोणत्या भाषेत बसवावी हा प्रश्नच आहे. समितीने पटेल यांच्याविरुद्ध न्यायालयाच्या अवमानाची याचिकाही दाखल केली व फिफाच्या पत्रांमागे त्यांचा हात असल्याचा आरोप केला. हा आरोप होय, निष्कर्ष नव्हे.

निलंबन आले तेव्हा गोकुलम केरळ ह्या क्लबचा महिला संघ आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेला होता. त्यास न खेळताच परतावे लागले. ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वर, मडगाव व नवी मुंबई येथे व्हावयाचा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही हातचा जाण्याच्या बेतात आला. शिक्षा झाली ती ह्या मुलींना, आणि त्यांपैकी कोणाचाही कसल्याही निवडणुकीशी संबंध नव्हता. केंद्र सरकारच्या विनंतीवरून न्यायालयाने २२ ऑगस्ट रोजी समिती बरखास्त केली व मतदारयादी पुन्हा राज्यांच्या ३६ प्रतिनिधींपुरती केली. सहा खेळाडूंना कार्यकारिणीत तेवढे स्थान राहिले. चार दिवसांत निलंबन उठले. २ सप्टेंबरच्या निवडणुकीत माजी कर्णधार भाईचुंग भुतिया यांना एक मत मिळाले, कल्याण चौबे यांना तेहतीस. विजयी उमेदवारही एके काळचे गोलरक्षकच होते. तेव्हा खेळाडू विरुद्ध राजकारणी असा सोपा अर्थ ह्या निकालाचा लावू नये. पण मतदार कोण आहे ह्यावर निकाल ठरतो, हे मात्र त्यावरून स्पष्ट होते.

बारा वर्षांची मर्यादा पुढे फिफानेही स्वतःस घालून घेतली होती. २०१६ च्या सुधारणांतील ती प्रमुख तरतूद. त्याच वर्षी फेब्रुवारीत जान्नी इन्फांतिनो अध्यक्ष झाले. डिसेंबर २०२२ मध्ये फिफाच्या परिषदेने असा खुलासा केला, की त्यांचे पहिले ३९ महिने हे पूर्वाध्यक्षांच्या अपुऱ्या मुदतीचे असल्याने गणनेत धरावयाचे नाहीत. अर्थात् २०३१ पर्यंत पदावर राहण्याची वाट मोकळी झाली. 'कार्यकाल' ह्या शब्दाचा अर्थ ठरविणारे व त्या अर्थाचा लाभ घेणारे एकाच सभागृहात बसलेले होते. भारतात तोच प्रश्न निदान एका बाहेरच्या न्यायासनापुढे गेला, उशिरा का होईना.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यात क्रीडा मंडळ व क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद आहे. १९ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्या. नागेश्वर राव यांनी तयार केलेल्या महासंघाच्या घटनेस काही बदलांसह मान्यता दिली. फिफाने ३० ऑक्टोबरची मुदत घालून निलंबनाचा इशारा पुन्हा दिलेला होता. १२ ऑक्टोबरच्या विशेष सर्वसाधारण सभेत महासंघाने ती घटना स्वीकारली, परंतु वादग्रस्त कलमे तूर्त बाजूला ठेवून. त्यांपैकी एक राज्य व राष्ट्र अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी पद धारण करण्यासंबंधीचे होते. दुसरे असे होते, की घटनेतील कोणतीही दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीवाचून अमलात येणार नाही.