एक डिस्क, दोन सिस्टिम

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. मग हेमलकशात बंद पडलेला संगणक आपणच उभा करायचा! म्हणून ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ या नियमामागचा इतिहास सांगतो.

1983 मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर डॉस 2.0 आलं. हार्ड डिस्कच्या पहिल्या 512 बाइटमध्ये चार विभागांचं कोष्टक बसलं. वेगवेगळ्या सिस्टिम एकाच डिस्कवर नांदाव्यात, ही सोय तेव्हापासूनची. मात्र संगणक सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला त्यात जागा एकच. विंडोज नंतर टाकलं, की ते तिथे बिनदिक्कत आपला प्रोग्राम लिहितं. लिनक्स पुसलं जात नाही, पण त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. उलट लिनक्सचं ग्रब दोघांची नावं दाखवतं.

यूईएफआय आल्यावर हे भांडण बरंच निवळलं. घड्याळाचं राहिलंय: विंडोज त्यात स्थानिक वेळ धरतं, लिनक्स बहुधा जागतिक. आपल्याकडे साडेपाच तासांचा घोळ!