चोंडीच्या तालुक्यातल्या सरपंचबाई

अहिल्यादेवी होळकर १७२५ साली आमच्या जामखेड तालुक्यातल्या चोंडीत जन्मल्या, याचा आम्हाला कोण अभिमान! पण माझ्या लहानपणी बायका चावडीसमोरून जाताना पदर पुढे ओढायच्या. तिथे जाऊन बोलणं तर दूरच.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित. बाळंतपण, जुलाब, पिण्याचं पाणी असं बोलता बोलता त्या महिला मंडळात आणि पुढे ग्रामसभेत बोलू लागल्या. काही सरपंचही झाल्या.

१९९३ च्या घटनादुरुस्तीने पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या वाढवून एकूण जागांच्या निम्म्या केल्या. खुर्ची बाईंची, शिक्का मात्र पुष्कळदा नवऱ्याच्या खिशात. त्यात आरक्षण फिरतं. काम हाताशी येतं तोवर जागा जाते.

विधानसभेला तेवढंही नाही. २०२४ मध्ये २८८ आमदारांत २१ बायका. आमच्या कर्जत-जामखेड मतदारसंघाने २००९ पासून एकही बाई पाठवलेली नाही. अहिल्यादेवींच्या जयंतीला चोंडीत हार घेऊन येणाऱ्या पक्षांनी पुढच्या खेपेला उमेदवारीही घेऊन यावी.