तोडा आणि चकमक

हत्यारांचा इतिहास सांगताना आपण बहुधा विजयी झालेल्या हत्यारांचा इतिहास सांगतो. धनुष्य मागे पडले आणि बंदूक पुढे आली, तोफेपुढे तटबंदी हतबल झाली, अशी ही कथा एका सरळ रेषेत चालते. परंतु प्रत्यक्ष इतिहासाची वाट इतकी सरळ नसते. एखादे हत्यार कसबाने घडविलेले असते, त्याचे गुण जाणत्यांना मान्य असतात, आणि तरीही शेजारी पडलेले जुने, ओबडधोबड हत्यारच लोक उचलतात. असे का व्हावे, या प्रश्नाचा विचार आज आपल्याला मराठवाड्याच्या भूमीवर करावयाचा आहे. कारण नांदेड, कंधार, औसा, उदगीर या टापूने अशा दोन हत्यारांची दीर्घकाळ चाललेली स्पर्धा पाहिली आहे. त्यांपैकी एक होती तोड्याची बंदूक आणि दुसरी चकमकीची.

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिबात गुरु गोविंदसिंहजींची शस्त्रे भक्तिभावाने जपून ठेविली आहेत. गुरुजींनी ७ ऑक्टोबर १७०८ रोजी नांदेड येथेच देह ठेवला. त्या शस्त्रांत तलवारी, धनुष्ये, बाण आणि ढाल यांबरोबर एक तोड्याची बंदूकही गणली जाते. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवून केवळ इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तरी ही गोष्ट बोलकी आहे. याच सुमारास इंग्रज व फ्रेंच पलटणी तोडा टाकून देऊन चकमक स्वीकारीत होत्या. आपल्याकडे मात्र तोडा त्यानंतरही शंभर-सव्वाशे वर्षे जळत राहिला.

ज्यांनी या बंदुका पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी दोहोंची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेली सुती दोरी. तिचे टोक पेटवले की ते ज्योत न धरता मंदपणे धुमसत राहते. नळीच्या मुळाशी एक बारीक छिद्र असे व त्याच्या तोंडाशी रंजक, म्हणजे बारीक दारू, घातलेली असे. चाप ओढला की बेचक्यात धरलेला तोडा खाली येऊन रंजकेला टेके आणि बार उडे. चकमकीच्या बंदुकीत पेटती दोरी मुळी नाहीच. तेथे घोड्याच्या जबड्यात गारेचा धारदार तुकडा बसविलेला असतो. चाप ओढताच पोलादी कमानीच्या जोराने तो एका उभ्या पोलादी पट्टीवर आदळतो. त्याच आघाताने रंजकेवरचे झाकण उघडते आणि ठिणग्या आत पडतात.

गुणांची तुलना केली, तर पारडे चकमकीकडे झुकते यात संशय नाही. तोडेवाल्याला पेटती दोरी सांभाळून दारू ठासावी लागे. थोडा हलगर्जीपणा झाला की जिवाशी गाठ. रात्रीच्या अंधारात तोड्याचा लाल ठिपका शत्रूला दुरून दिसे, आणि पावसाची एक सर त्याला निकामी करी. पेटते तोडे जवळजवळ असणे धोक्याचे, म्हणून बरकंदाजांना अंतर राखून उभे राहावे लागे. चकमकीचे शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहत आणि एका हुकमासरशी सगळी रांग बार काढी. इंग्रजांची पाऊण इंच नळीची, दहा पौंडांच्या आसपास वजनाची बंदूक कवायत शिकलेला शिपाई मिनिटाला तीन वेळा झाडू शके. पिस्तुलाचेही तसेच. पेटती दोरी कमरेला किंवा खोगिराला कोण अडकवील? म्हणून घोडेस्वाराचे पिस्तूल खऱ्या अर्थाने वापरात आले ते तोडा सुटल्यावरच. तरीही आमच्या सामान्य स्वाराने भाला आणि तलवार यांवरच भिस्त ठेविली. पिस्तूल हे सरदाराच्या कमरेचे भूषण राहिले.

हे नवे हत्यार दक्षिणेत कोणी दृष्टीआड ठेविले होते असेही नाही. १७५१ पासून १७५८ पर्यंत फ्रेंच सेनानी बुसी निजामाच्या पदरी होता आणि त्याच्या कवायती पलटणींचा दरारा सर्वांनी अनुभवला होता. त्याच तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे निजामाची चाकरी सोडून पेशव्यांकडे आला. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या मोहिमेचा निकाल लागला. सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाला कोंडले आणि साठ लक्षांचा मुलूख व दौलताबादेसारखे किल्ले तहात मिळविले. त्या वेळी इब्राहिमखानाच्या तोफा आणि गारदी मराठ्यांच्या बाजूने उभे होते. जी विद्या निजामाने पोसली, तीच त्याच्यावर उलटली. इतके लखलखीत प्रत्यंतर आल्यावर चकमकीची बंदूक प्रत्येक मराठी पथकात दिसावयास हवी होती. पण तसे घडले नाही.

यावर ‘आमचे लोक अडाणी व जुन्याला चिकटून राहणारे’ असे एक सोपे उत्तर देण्यात येते. ते मला मान्य नाही. चकमक ही वस्तू आमच्या लोकांना परकी नव्हती. चिलीम पेटविण्यासाठी शेतकरी गार, पोलादाचा तुकडा आणि कापूस जवळ बाळगीतच असे. ठिणगीने आग लागते हे त्याला शिकविण्याची गरज नव्हती. शिवाय ज्या लोकांनी तोफा, दारू आणि बंदूक इतक्या त्वरेने आत्मसात केल्या, त्यांना एकाच सुधारणेपुरते अडाणी ठरविणे न्यायाचे होणार नाही. जपानातही पोर्तुगीजांकडून १५४३ मध्ये आलेली तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. जपानी कारागिराला कोणी अकुशल म्हणणार नाही. तेव्हा कारणे दुसरीकडे शोधली पाहिजेत.

पहिले कारण दगडाचे. आमच्या काळ्या पाषाणात गारगोट्या विपुल सापडतात. पण ठिणगी देणारा दगड सापडणे वेगळे, आणि एका मापाची, एका धारेची हजारो चकमका पाडणे वेगळे. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये हा स्वतंत्र धंदाच होता आणि पिढ्यान् पिढ्या त्यातच मुरलेले कारागीर होते. दोन-तीन डझन बार काढले की गारेची धार बोथट होई व नवा तुकडा लागे. मोहिमेत पुरवठा तुटला की उत्तम बंदूक केवळ संगीन लावण्याची काठी उरे. उलट तोड्याला काय हवे? सूत आणि सोरा. या दोन वस्तू गावोगाव मिळत.

दुसरे कारण कमानीचे. चकमकीच्या बंदुकीचा सारा जीव तिच्या पोलादी कमानींत असतो. कमान ढिली पडली की ठिणगी पडत नाही. अधिक कडक झाली की ती तुटते. तिला योग्य पाणी देणे आणि घोड्याचे खाचे कानशीने अचूक मापाचे करणे हे शिकलेल्या बंदूकसाजाचे काम. तोड्याच्या बंदुकीत चाप म्हणजे जवळजवळ एक साधी तरफ असते. ती वाकली तर खेड्यातला लोहार भात्यापाशी बसून घटकाभरात सरळ करून देई. शिवाय आमच्या कारागिराचे कसब नळीत होते. लोखंडाच्या पट्ट्या पिळून, तापवून, एकजीव करून घडविलेली देशी बंदुकीची लांब नळी दूरवर आणि नेमका मारा करी, आणि तिची वाखाणणी परक्यांनीही केली आहे. शिकारीला किंवा गढीच्या बुरुजावरून एकेक नेम धरण्याला ती कवायती बंदुकीहून सरस ठरे.

परंतु या दोहोंच्या मुळाशी तिसरे कारण आहे आणि तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हत्यार विकत कोण घेतो आणि मोडल्यावर त्याची काळजी कोण वाहतो, हा तो प्रश्न होय. मराठी फौजेतला शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. सरंजामदाराला मुलूख मिळे तो ठराविक स्वार बाळगण्यासाठी. त्या स्वाराच्या हाती कोणते हत्यार आहे, याची उस्तवार सरकारकडे नसे. अशा मनुष्याने बंदूक निवडताना लढाईतला एक दिवस पाहावा की वर्षातले उरलेले दिवस पाहावे? त्याने उरलेले दिवस पाहिले, आणि ते शहाणपणाचेच होते. जी बंदूक आपल्या गावी दुरुस्त होते, जिचा दारूगोळा आठवड्याच्या बाजारात मिळतो, तीच त्याच्या दृष्टीने चांगली बंदूक. चकमकीची बंदूक ही मुळात सरकारने पुरवावयाची, सरकारने दुरुस्त करावयाची आणि सरकारी कवायतीत वापरावयाची वस्तू होती. तिचे सर्व गुण रांगेत उभे राहिल्यावर प्रकट होत. एकट्या मनुष्याच्या हातात तिचे अर्धे गुण लोप पावत.

हे अनुमान खरे की खोटे, याची परीक्षा उलट उदाहरणाने घेता येते. जेथे राज्यकर्त्याने स्वतः कारखाना उघडला आणि रोख पगाराची पलटण उभी केली, तेथे चकमक रुजली. म्हैसुरात टिपू सुलतानाच्या कारखान्यांतून चकमकीच्या बंदुका बाहेर पडत. महादजी शिंद्यांसाठी द बॉईन याने पलटणी उभारल्या, तेव्हा आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओती, आणि तेथे तयार होणारी चांगली बंदूक सुमारे दहा रुपयांत पडे. हैदराबादेत रेमंड याने निजामासाठी तोफांचा कारखाना चालविला. त्या भागाला गनफाउंड्री हे नाव त्यावरूनच मिळाले. म्हणजे कारागीर तेच, लोखंड तेच, मनुष्ये तीच. फरक पडला तो मागे उभ्या असलेल्या व्यवस्थेचा.

चौथे कारण युद्धपद्धतीचे, आणि पाचवे लौकिकाचे. उदगीरास जे जुळले ते पानिपतास जुळले नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडविली. पण संथ चालीने गोल बांधून सरकणारे पायदळ आणि वाऱ्यासारखे धावणारे घोडदळ यांचा मेळ शेवटपर्यंत बसला नाही. त्यातच गारदी म्हटला की पगारी परका, थकबाकी राहिली की फिरणारा, अशी समजूत झाली होती. १७५९ मध्ये मुजफरखान गारद्याने भाऊंवर मारेकरी घातला होता. इब्राहिमखानाने प्राण देऊन आपली निष्ठा सिद्ध केली खरी. परंतु ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला आणि तो शब्दच कलंकित झाला. हत्यार निर्जीव असते. पण ते ज्याच्या खांद्यावर दिसते त्याचे नाव त्याला चिकटते. इभ्रतीचा शिलेदार गारद्याची बंदूक हौसेने का मिरवील?

या गोष्टीची किंमत पुढे द्यावी लागली, आणि ती मराठवाड्याच्याच मातीत द्यावी लागली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळ असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या सैन्याची भयंकर हानी केली. त्या तोफांची घडण इंग्रजांनीही नावाजली. नव्वदांहून अधिक तोफा त्यांनी त्या दिवशी काबीज केल्या. म्हणजे कमी पडले ते हत्यार नव्हे. कारखाना परक्याच्या हाती आणि पलटणीचे अंमलदारही परके होते. त्यांतील इंग्रज अंमलदार कंपनीच्या जाहीरनाम्यासरशी चाकरी सोडून गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आग्रा लेकच्या हाती पडले, आणि शिंद्यांच्या बंदुकीचा झराच आटला. रेमंडची पलटणही त्याच्या मृत्यूनंतर १७९८ मध्येच मोडली गेली होती. आम्ही वस्तू मिळविली, कारखानाही उभारला, पण ती विद्या आपल्या लोहाराच्या घरात उतरविली नाही.

शेवटचा अंक नांदेड भागातला आहे. जानेवारी १८१९ मध्ये हदगावजवळ नाव्ह्याच्या गढीत हटकर नौसाजी नाईक आपल्या अरब शिबंदीनिशी कोंडला गेला. अरब हे तोड्याच्या बंदुकीचे नाणावलेले नेमबाज. समोर रेसिडेंट रसेल याच्या नावाची, इंग्रजी अंमलदारांखालची निजामाची कवायती पलटण होती. गढीने आठवड्यांवर आठवडे टिकाव धरला. शेवटी ३१ जानेवारीला तोफा, सुरुंग आणि हल्ला यांपुढे ती पडली आणि शिबंदीतील बहुतेक जण कापले गेले. एकेका मनुष्याच्या नेमबाजीत अरब उणे नव्हते. उणे होते ते त्यांच्यामागे: दारूचा अखंड पुरवठा, शिकलेले सुरुंगवाले, वेळेवर पोचणारा पगार.

पुढे टोपीची बंदूक निघाली आणि चकमकही इतिहासजमा झाली. बाजारात टोप्यांची डबी मिळू लागताच ठासणीची बंदूक मात्र खेड्यापाड्यांत पिकाच्या राखणीपर्यंत सहज पोचली. जुन्याला चिकटून राहण्याचा स्वभाव हेच खरे कारण असते, तर ही नवी वस्तूही लोकांनी नाकारली असती.

तेव्हा चकमकीची बंदूक आमच्याकडे मागे पडली ती वाईट म्हणून नव्हे आणि आमचे लोक मूर्ख म्हणूनही नव्हे. तिला लागणारा दगड, कमान, कारागीर, पगार आणि विश्वास यांची साखळी येथे जुळली नाही, म्हणून ती मागे पडली. सामान्य शिलेदाराने आपल्यापुरता योग्यच निर्णय घेतला. परंतु अशा सहस्रावधी शहाण्या निर्णयांची बेरीज करून राज्य वाचत नाही. जे काम एकट्याच्या आवाक्याबाहेरचे, ते राज्याने अंगावर घ्यावयाचे असते. ते येथे वेळेवर व स्वतःच्या माणसांच्या बळावर घेतले गेले नाही. त्या उणिवेचा हिशेब असईवर चुकता झाला.